मखरातले टेकू

सर कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढत नसत, आधी वर बघत. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, मान मागे टाकायची, छताच्या कोपऱ्याकोपऱ्यावरून नजर फिरवायची. मग दार उघडून-मिटून बघायचं. शेवटी स्कूटरच्या किल्लीने जवळचा खांब ठोकायचा आणि डॉक्टरने पाठीला लावावा तसा कान लावायचा. एवढं झालं की चप्पल काढून आत. काही घरांत मात्र ते चप्पल काढतच नसत. "इथेच बरं आहे, वारा छान आहे," म्हणत ओट्यावर बसून राहत. ज्यांच्या ओट्यावर सर बसले त्यांची झोप उडाली म्हणून समजा.

त्यामुळे महाडात सरांना वास्तुशांतीची बोलावणी येणं हळूहळू बंद झालं. माझ्या नणंदेने तर स्पष्टच सांगितलं, "वहिनी, आधी पूजा होऊन जाऊ दे, लोक जेवून जाऊ देत, मग आण तुझ्या त्या सरांना." मी नेलं. सरांनी वर बघितलं, दार मिटलं, खांब ठोकला आणि चप्पल काढली. नणंदेने देवापुढे साखर ठेवली.

मी महाड आणि पोलादपूरच्या मधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. सर तिथेच सिव्हिलला होते. ते पोलादपूरहून स्कूटरवर येत, मी महाडहून एसटीने. दोघांचाही पहिला तास असायचा, म्हणून प्राध्यापकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी आली, आणि माझ्या नशिबी वर्षानुवर्षं सिमेंट आलं. मला सिमेंटचं काही देणंघेणं नव्हतं. पण सरांच्या शेजारी बसून सिमेंट टाळणं म्हणजे सावित्री नदीच्या काठी राहून पूर टाळणं. जमत नाही.

दिसायला अगदी सामान्य. बारीक, काळेसावळे, शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडलेली, आणि सतत वर बघून मानेला कायमची एक कळ. मान दुखते म्हणून डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टरच्या दवाखान्याचं छत बघून ओट्यावर बसले. ही गोष्ट डॉक्टर स्वतः सांगतात, आणि पुढचं सांगत नाहीत. पुढचं हे, की त्यांनी त्याच उन्हाळ्यात छत उतरवून नवं घातलं.

सर स्वतः पोलादपुरात कौलारू घरात राहत. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या घराला स्लॅब नाही, यावरून लोक चेष्टा करायचे. सर म्हणायचे, "कौल पडलं तर डोक्याला टाके पडतात. बाकी घर जागेवर राहतं."

तरुणपणी ते पुण्यात पुलांची गणितं करत होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी आले, आणि जवळच कॉलेज निघालं म्हणून शिक्षक झाले. त्यांचा विषय स्ट्रक्चर, म्हणजे बांधकाम किती भार पेलेल त्याचं गणित. सिव्हिलमध्ये स्ट्रक्चर शिकवणारा म्हणजे मैफलीतला गवई, आणि बांधकाम व्यवस्थापन शिकवणारा म्हणजे सतरंज्या घालणारा, असा एक न बोललेला मान असतो. सरांनी पहिली निम्मी नोकरी गवई म्हणून केली आणि उरलेली सतरंज्या घालण्यात. ते का झालं, ते पुढे सांगते. पण सतरंजीसुद्धा त्यांनी अशी घातली की माझा गणिताचा तास सोडून मुलं त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी उभी राहायची.

पहिल्या तासाला ते फळ्याच्या उजव्या टोकाला गणपती काढत. चांगला सोंडेसकट. मग खडू झटकून विचारत, "आपल्या तालुक्यात कामाची शेवटची तारीख कोण ठरवतं? इंजिनिअर? मालक? हा ठरवतो. मुंबईचा चाकरमानी म्हणतो, औंदा गणपती नव्या घरात. तो थांबणार नाही, गणपती थांबणार नाही, पाऊस तर नाहीच. मग घाई करायला कुणाला सांगायचं? सिमेंटला. आणि सिमेंट ठार बहिरं आहे." मग गणपतीपासून एकेक पाऊल मागे येत रंग, गिलावा, वीटकाम, स्लॅब असं करत ते डाव्या टोकाला पोचत आणि तिथे एक छोटा माणूस काढत. "हा तुम्ही. याने आज नाही म्हटलं तर चालतं. उद्या म्हटलं तर उशीर झालेला असतो."

वर्गात कुणी "काँक्रीट वाळलं" म्हणालं की त्याला उभं करत. "वाळतात ते पापड. काँक्रीट पिकतं. त्याला पाणी लागतं आणि वेळ लागतो. आजीला विचार आंब्याच्या अढीबद्दल, मग ये."

दारांचं वेड मात्र मला फार दिवस कळलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, घर वाकायला लागलं की भिंत गप्प बसते, दार आधी बोलतं. चौकट तिरपी होते आणि दार अडकतं. फक्त आपल्याकडे पावसाळ्यात सगळीच दारं फुगतात. त्या चार महिन्यांत दारांवर विश्वास ठेवायचा नाही." मी हो म्हटलं आणि विसरले. म्हणजे मला वाटलं की विसरले.

आता ते होस्टेल.

कॉलेजच्या मागे भातखाचरावर भराव टाकून मुलांचं होस्टेल बांधलं होतं. तळमजल्यावर मोठा हॉल, वर खोल्या. नकाशात हॉलच्या मधोमध एक खांब होता. पण मध्ये खांब आला तर लग्नकार्याला हॉल कसा द्यायचा? म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी बांधतानाच खांब गाळायला सांगितला, आणि गाळला. वरच्या सगळ्या खोल्यांचा भार एका लांबलचक बीमवर आला. पुढे तपासणीची समिती यायची होती, तेव्हा इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करायला सरांना बोलावलं. सर गेले, वर बघितलं, किल्लीने ठोकलं, वरच्या खोल्यांची दारं मिटून बघितली. दिवस मार्चचे होते, आणि दारं अडकत होती.

"सर, एक सही," अध्यक्ष म्हणाले.

"एक खांब द्या, सही देतो," सर म्हणाले.

खांब मिळाला नाही. सही दुसऱ्या कुणीतरी बाहेरून येऊन केली. सर एकदोन सरकारी कचेऱ्यांत जाऊन आले, तिथे त्यांना तोच दाखला दाखवला गेला. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात सरांच्या नावापुढचं स्ट्रक्चर गेलं आणि बांधकाम व्यवस्थापन आलं. प्राचार्य मला म्हणाले होते, "त्यांनाही जरा आराम, आणि संस्थेलाही."

होस्टेल पडलं नाही. हेच तर सरांचं दुर्दैव. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, होस्टेल उभंच. मग चेष्टा सुरू झाली. जूनमध्ये कॉलेज उघडलं की कुणीतरी आरोळी देणारच, "सर, अजून उभी आहे हो इमारत!" सर हसून म्हणत, "असू दे, असू दे." शिपाई मला सांगायचा, "मॅडम, सर आजपन सकाळी होस्टेलात जाऊन वर बगून आलं. येड लागलंय त्यांना." मला राग यायचा, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. पडलं नाही ते चांगलंच होतं ना?

एकदा डबा खाताना ते एकदम म्हणाले, "बाई, रोज आंघोळ झाली की मी देवाला सांगतो, मला मूर्ख ठरव. आजचा दिवस मूर्ख ठरव. असं मागणं मागणारा माणूस तुम्ही बघितलाय?" मी भाजी पुढे केली. दुसरं काय करणार होते?

मार्चात चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येतात, तेव्हा मंडप घालणारे कार्यकर्ते सरांना आवर्जून बोलवत. तिथला एक शाळामास्तर तर बांबूला हात लावण्याआधी म्हणायचा, "सरांनी बगितल्याबिगर दोर आवळायचा नाय." सर दिवसभर उन्हात उभे राहून एकेक गाठ तपासत आणि संध्याकाळी तिथल्या पंगतीला जेवून येत. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नसे, इतका आनंदी असायचा. ज्या एका जागी त्यांचं ऐकलं जात होतं, ती जागा वर्षातून थोडेच दिवस उभी असायची.

टेकूंचं मला असं कळलं. होस्टेलच्या हॉलमध्ये त्या बीमखाली सरांनी लोखंडी टेकूंची ओळ उभी केली होती. बांधकाम व्यवस्थापनात तात्पुरते आधार कसे द्यायचे असा एक भाग असतो, त्याचं प्रात्यक्षिक म्हणून. मुलं यायची, एक टेकू सैल करायची, परत आवळायची, गुण घ्यायची. तपासणीच्या समितीला हे फार आवडलं, म्हणून संस्थेनेही चालवून घेतलं. मी एकदा म्हटलं, "सर, आमच्याकडे प्रयोग संपला की साहित्य कपाटात जातं. तुमचं बरं वर्षभर उभंच?"

"तुम्ही वर बघा," सर म्हणाले.

मी वर बघितलं. चुन्याच्या खाली, बीमच्या बरोबर मध्ये, एक तडा होता. मुलांच्या प्रात्यक्षिकावर ते होस्टेल उभं होतं. सर खांदे उडवून म्हणाले, "सतरंजी घालणाऱ्याला एवढंच करता येतं."

पुढे अध्यक्षांना ते टेकू खुपायला लागले. पाहुण्यांना दिसतात, भिकार वाटतं. सरांची निवृत्ती जवळ आली होती. आमच्या होस्टेलात सगळी लांबची मुलं, बीडची, परभणीची, नंदुरबारची. गणपतीत सारं कोकण घरी पळतं आणि ही मुलं तिथेच उरतात. सरांनी त्यांना सुचवलं, गणपती हॉलमध्ये बसवा आणि या टेकूंचंच मखर करा. मुलांनी टेकूंना लाकडी पेट्यांनी मढवलं, वर सोनेरी कागद, कापडी झालरी, कमानी. अध्यक्ष आरतीला आले आणि खूश झाले. म्हणाले, "हे खांब असेच राहू द्या, देवळासारखं वाटतं."

सर धावतच प्राध्यापकांच्या खोलीत आले. "बाई, अध्यक्षांनी खांब दिला!" म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी तेवढंच बघितलं.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात अध्यक्षांनी चेष्टा केलीच, इमारत अजून उभी आहे म्हणून, आणि सगळे हसले. जाताना सरांनी त्यांच्या जागी आलेल्या मास्तरला हॉलमध्ये नेऊन सगळं दाखवलं, मला पुन्हा बजावलं. पण तो मास्तर दुसरी नोकरी मिळताच गेला. मग आलेल्याने प्रात्यक्षिक पडद्यावर चित्रं दाखवून उरकलं. होस्टेलचा रेक्टर बदलला. जुनी मुलं पास होऊन गेली. मी नव्या रेक्टरला सांगितलं तेव्हा तो हो हो म्हणाला. महाडात हो हो म्हणणारा माणूस ऐकत नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आमच्या घरी पाहुणे भरलेले. संध्याकाळी रेक्टरचा फोन. "मॅडम, महाडात एखादा सुतार मिळेल का हो? मुलं विसर्जन करून आलीत आणि वरच्या खोल्यांची दारं उघडत नाहीयेत. पावसाने फुगली वाटतं."

माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं. मी विचारलं, "सगळी?"

"मधल्या ओळीतली सगळी."

"हॉलमधलं मखर?"

मागून एका मुलाचा आवाज आला, मोठा उत्साही. "मॅडम, काढलं की! मूर्ती बाहेर निघत नव्हती, म्हणून आधी मखर सोडवलं. आत लोखंडी पाइप होते, ते पण काढून नीट रचून ठेवलेत. एक पण वाकवला नाही बघा!"

मी ओरडले. घरातल्या पाहुण्यांना वाटलं कुणी गेलं. "सगळ्यांना खाली उतरवा. आत्ता. मैदानात आणा." रेक्टर म्हणाला, "मॅडम, भात शिजतोय." मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही, पण ती मुलं बाहेर आली.

निघताना मी सरांना फोन केला होता. मी रिक्षाने पोचले तेव्हा ते आधीच आलेले होते, पोलादपूरहून स्कूटरवर भिजत. मुलं गुलालाने माखलेली, मैदानात घोळका करून उभी. सर एकटे हॉलमध्ये गेले होते. मी दारातून हाक मारली तर हात वर करून मला थांबवलं. बीम खाली झुकला होता, त्याचा गिलावा जमिनीवर पडला होता, आणि ते ऐन त्याखाली उभे राहून वर बघत होते. बाहेर आले ते चप्पल हातात घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा ते विसरले होते की आत जाताना चप्पल काढायची की नाही.

तो उत्साही मुलगा रडकुंडीला आला होता. "सर, आम्हाला खरंच माहीत नव्हतं, मखरच वाटलं."

"तुला कसं माहीत असणार?" सर म्हणाले. "मी झाकले ना ते." मग पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेकू उघडा ठेवायचा असतो, बाई. दिसला पाहिजे, लोकांना अडला पाहिजे. दरवर्षी शिकवलं मी हे." आणि तोंडावर रुमाल धरून रडले. मला वाटलं होतं, आज तरी त्यांना बरोबर ठरल्याचं थोडं सुख होईल. कसलं सुख?

त्यानंतर संस्थेची बैठक झाली. मला साक्षीला बोलावलं होतं, सरांना जाब द्यायला. वकील होते, अध्यक्ष होते. बोलणं असं चाललं होतं की बीमला गिलावा करून, रंग लावून दिवाळीनंतर मुलं परत आत घ्यायची. लोकांनी विचारलंच तर एका निवृत्त प्राध्यापकाने विनापरवानगी केलेल्या प्रयोगामुळे थोडं नुकसान झालं, असं सांगायचं. मी उठून बोलायला लागले. सरांनी माझा पदर ओढावा तसं टेबल वाजवलं, किल्लीने.

"लिहा," ते वकिलांना म्हणाले. "माझ्या प्रयोगामुळे झालं. मी सही करतो. पण थोडं नुकसान लिहू नका. इमारत राहण्यालायक उरली नाही, इतकं नुकसान झालं असं लिहा. एवढं लिहिलंत तर सगळा दोष माझा."

वकिलांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांना दोष दुसऱ्यावर जाण्याशी मतलब होता. कागद तयार झाला. ज्या माणसाने एका खऱ्या खांबाशिवाय सही दिली नाही, त्याने धडधडीत खोट्या कागदाखाली शांतपणे सही केली. त्या कागदावर त्यांचंच म्हणणं होतं, फक्त गुन्हा त्यांच्या नावावर. होस्टेलला कुलूप लागलं. मुलं गावात भाड्याच्या खोल्यांत गेली.

परतताना मी भांडले. "सर, तुमचं नाव गेलं. तुम्ही आयुष्यभर जे सांगत होतात..."

"नाव कुठे राहत होतं त्या इमारतीत?" म्हणाले. "मुलं राहत होती."

पुढे कॉलेजात ते 'होस्टेल पाडणारे सर' झाले. अभियंता दिनाला जुन्या प्राध्यापकांचा सत्कार होतो, त्यात त्यांचं नाव कधी आलं नाही. आणि गंमत अशी, की कुलूपबंद होस्टेल तरीही पडेना. त्यावर वेली चढल्या, खिडक्यांत कावळे बसले. जूनमध्ये जुनी आरोळी परत उठायची, फक्त आता ती ऐकायला सर नसायचे. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. मी पोलादपूरला भेटायला गेले की खाटेवर पडून कौलांकडे बघत असत. तोंड वाकडं झालेलं, शब्द जड. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला दारातच गाठत. "येकच इचारतायत दिसभर. उभी हाय का, उभी हाय का. काय ती ब्याद हाय गो?" मी आत जाऊन सांगायचे, "उभी आहे, सर." ते मान हलवायचे. समाधानाने की भीतीने, ते मला कधी कळलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात भर दुपारी, मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना, मागून मोठा आवाज आला आणि खिडकीतून पांढरी धूळ दिसली. आम्ही सगळे धावलो. हॉल होता तिथे ढिगारा होता. पावसात धूळ लगेच खाली बसली. पहिल्या वर्षाचा एक मुलगा मला विचारत होता, "मॅडम, कोणत्या तरी सरांनी पाडलं म्हणतात ना हे?"

"हो, त्यांनीच," मी म्हटलं. "आधी रिकामं केलं, मग पडू दिलं." त्याला काही कळलं नाही.

मी तशीच पोलादपूरची एसटी पकडली. काकू ओट्यावर होत्या. त्यांना काही न सांगता आत गेले. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच मी म्हटलं, "सर, पडली."

त्यांनी कौलांवरची नजर माझ्याकडे वळवली. ओठ फार वेळ हलले, मग शब्द आले.

"आत कोण होतं?"

"कुणी नाही."

"नक्की? रेक्टरला विचारलंत?"

"मुलांना विचारलं, सर. एकेकाला. कुणी नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले. मग काकूंना हाक मारून, अडखळत, मला चहा करायला सांगितला. त्यानंतर ते थोडेच दिवस राहिले. मी आणखी दोनदा जाऊन आले, पण त्यांनी वर बघितलेलं मला दिसलं नाही.